दुधाच्या गाडीला खिडकी

घर हलवताना माणूस काहीतरी विसरतोच. कुणाचा पाटा राहतो, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ. मी मात्र काहीच विसरलो नाही, सगळं गाडीत घातलं, आणि घोटाळा नेमका तिथंच झाला.

ती दूध संघाची गाडी. मागं पत्र्याची मोठी बंद पेटी, पत्र्याच्या आत बोटभर नव्हे, चांगला वीतभर फोम, मग परत पत्रा. बर्फाच्या लाद्या ठेवल्या की आतलं दूध आष्टीपासून नगरपर्यंत उन्हातान्हातून शाबूत जायचं. पेटीला खिडकी नाही. मागं एकच दार, आणि दाराला बाहेरून लोखंडी दांडा. ही गाडी मी इतकी वर्षं चालवली होती की दार लावणं हे माझं काम उरलंच नव्हतं, हातच ते परस्पर उरकायचा. दार ढकलायचं, दांडा पाडायचा, पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि निघायचं. थापा कुणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. बैलाच्या पाठीवर मारतात, तशा.

त्या सकाळी केबिनमध्ये गाद्या, ट्रंक आणि बायकोचं शिलाई मशीन चढवल्यावर माणसाला जागा राहिली नाही. म्हणून बायको आणि मुलगी मागं पेटीत बसल्या, हंडे-कळशा धरून. दार उघडं ठेवून हळूहळू जायचं असं ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. मग मी मागं जाऊन सामान नीट लागलंय का बघितलं, आणि हातानं आपलं काम केलं.

हात अजून पत्र्यावरच होता, त्याला आतून दोन थापा जाणवल्या. मला वाटलं, बायको म्हणतेय, चला.

मी चाललो. नाक्यावर डिझेल घेतलं. तिथं एक जुना सोबती भेटला, त्यानं चहा पाजला, पाऊस कुठं अडकलाय यावर त्यानं आपलं मत दिलं, मी माझं दिलं. मागून काही आवाज येत नव्हता, ते मला बरंच वाटलं. म्हटलं, मायलेकी गप्पा मारत असतील. वीतभर फोममधून आवाज बाहेर येत नाही, हे संघातल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. मलाही होतं.

माळावर पोचून मागं गेलो तेव्हा दांडा पडलेला दिसला. उचलताना दांडा दोनदा निसटला. दार उघडलं तर दोघी तळाशी पालथ्या पडलेल्या. पेटी धुतल्यावर पाणी जावं म्हणून कोपऱ्यात खाली रुपयाएवढं भोक ठेवलेलं असतं. त्या भोकाला मुलीचं तोंड होतं आणि बायको तिच्या शेजारी, डोळे उघडे ठेवून, आपली पाळी यायची वाट बघत.

मुलगी खाली उतरून ओकली. बायको उतरली, पदर नीट केला, माझ्याकडं न बघता हंडे उतरवायला लागली. मला वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, संध्याकाळी बोलेल. ती काही बोलली नाही. आमच्या घरात रोजच्या बोलण्याचा मक्ता तिच्याकडं होता, मी नुसता हुंकार भरायचो. त्या दिवसापासून ती मोजकं बोलायला लागली. तेल संपलं, गॅस बघा, पोरीला सोडून या. दाराबद्दल एक अक्षर नाही.

आता, शहाणी माणसं दुधाच्या गाडीत का राहायला जातात, तेही सांगायला पाहिजे.

आम्ही आधी संघाच्या शीतकरण केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहायचो. संघ म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था. दुष्काळात गायी आटल्या, गायी आटल्या तसं दूध आटलं, आणि दुधामागून संघ. संघ बुडाला की त्याची मालमत्ता निकालात काढायला सरकार एक साहेब नेमतं, त्याला अवसायक म्हणतात. त्यानं केंद्राला सील ठोकलं, त्यात आमच्या खोल्याही गेल्या. गाडी तेवढी बाहेर राहिली, कारण तिला फाटकाच्या आत जागा नव्हती. साहेब म्हणाले, "गाडी तुम्हीच सांभाळा. बॅटरी उतरू देऊ नका, आणि मोडतोड मात्र एवढीही व्हायला नको." त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं.

मग आष्टीत खोली शोधली. त्या वर्षी खोलीचं भाडं म्हणजे खरं तर पाण्याचं भाडं होतं. जिच्या बोअरला पाणी ती खोली, बाकीचं सगळं गोडाऊन. घरमालक नाव-गाव नंतर विचारायचे. आधी, माणसं किती? बाया किती? पाहुणे लई येतात का? एकानं मुलीचे केस केवढे आहेत ते निरखून बघितलं, धुवायला किती बादल्या लागतील याचा अंदाज घेत असावा. आणि जो आकडा सांगायचे तो ऐकून मी शेवटी छताकडं बघून, "गळतंय वाटतं," असं म्हणून निघून यायचो. पाऊस नसलेल्या गावात. गावाकडं थोरल्या भावाच्या दोन खोल्यांत त्याचंच खटलं मावत नव्हतं, आणि मुलीची दहावी होती. शाळा आष्टीत. ती सोडवायची नव्हती.

तेव्हा ही गाडी, आणि गावाबाहेरच्या माळावरची चारा छावणी. एका सेवा सोसायटीनं ती चालवायला घेतली होती. आसपासच्या गावांतली माणसं आपली जनावरं घेऊन तिथं येऊन राहिली होती, पाचटाचे आडोसे करून. टँकरचं पाणी, दिवे, वर्दळ. बायका-पोरं मोकळेपणी वावरत. राहायला त्याहून बरी जागा मला तरी सुचली नाही. अडचण एवढीच की छावणीत माणसं मोजत नसत, जनावरं मोजत. जनावर असेल त्याला जागा. आमच्याकडं जनावर म्हणाल तर मी.

शेजारी एक म्हातारे शेतकरी होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. दोन बैल आणि एक गाय घेऊन आलेले. मोजणीवाला आमच्या गाडीपाशी येऊन कपाळाला आठ्या घालून गेला, ते मामांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गायीची दोरी हातात घेऊन आले.

"डायवर, ही तुझ्या गाडीला बांध."

"मामा, मला धार काढता येत न्हाई."

"दूध वाहण्यात जल्म गेला अन् धार येत न्हाई? आटलीय ती. तुला काय काढायचं न्हाई. मोजायला आला की निस्तं म्हणायचं, माझी हाय."

अशा रीतीनं आम्ही गायवाले झालो. गाय हाडकुळी, पण डोळ्यांनी मोठी गरीब. मागच्या दाराशेजारच्या कडीला ती बांधली. मोजणीवाला आला, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "तुमची?" मी म्हणालो, "घरचीच." गायीनं माझ्या खांद्याला तोंड पुसलं. साक्ष चांगली झाली.

तरी भीती काही जाईना. भीतीचं काय असतं, दिवसा ती छोटी-छोटी कामं करून पोट भरते. मुलीच्या वर्गातली पोरं इकडं आली तर? साहेब अचानक गाडी न्यायला आले तर? आणि सगळ्यांत लाज वाटण्यासारखी भीती म्हणजे पावसाची. पाऊस पडला की छावण्या बंद होणार. अख्खी छावणी सकाळी उठून आभाळाकडं बघायची, हात जोडायची. मीही बघायचो. पश्चिमेला ढगाचा एक काळा तुकडा दिसला की मी मनातल्या मनात त्याला म्हणायचो, जा बाबा पुढं. तो विरून गेला की सगळे हळहळायचे, मीही मान हलवून हळहळायचो, आणि आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटायचं. देवानं त्या वर्षी पाऊस कमी पाडला त्यात माझा हात होता की काय, असं मला अजून अधूनमधून वाटतं.

पण ह्या सगळ्या किरकोळ भीत्या. खरी भीती एका पिशवीची होती.

बायकोचं माहेर घाटनांदूरकडं. गाडीत राहायला गेल्याचं कळल्यावर तिच्या भावानं मला फोन केला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाला, "दाजी, तुमचं तुमी बघा. ताईला आन पोरीला हिकडं पाठवा. पोरीचं वरीस गेलं तर जाऊ द्या, जीव तरी ऱ्हाईल." दाराची गोष्ट त्याला कुणी सांगितली होती हे मी विचारलं नाही. बायकोनं सगळं सामान गाडीत लावलं होतं, भांडी हुकांना टांगली होती, पण तिची आणि मुलीची कपड्यांची पिशवी तिनं उघडली नव्हती. ती दाराजवळ तशीच भरलेली असायची. त्यातूनच रोज एकेक कपडा काढायचा, धुऊन परत तिथंच ठेवायचा. सकाळी डोळा उघडला की मी आधी पिशवी आहे का बघायचो, मग बायको.

आणखी एक होतं. कोपऱ्यातल्या त्या रुपयाएवढ्या भोकातून मुंग्या आत यायच्या. दुधाचा आंबूस वास पत्र्यात मुरलेला, धुवायला पाणी कुठलं. मी त्यात चिंधी कोंबली. तिनं ती काढली. मी परत कोंबली, तिनं परत काढली, आणि भोकाभोवती हळदीचं बोट फिरवून ठेवलं. मग मी नाद सोडला.

दांड्याचा मी बंदोबस्त केला होता बरं का. दुसऱ्याच दिवशी. तो काढूनच टाकायचा होता, पण नख दाखवणारे साहेब आठवले. मोडतोड नको. म्हणून दांडा वर उचलून सुतळीनं बांधून टाकला. कडब्याच्या पेंड्या बांधून येतात ती तागाची सुतळी, छावणीत पायाला लागेल तितकी पडलेली. चांगल्या तीन गाठी मारल्या, बायकोला दिसेल अशा बेतानं. आता कितीही आदळलं तरी दांडा पडणार नाही. दार आतून लावायची सोय मात्र नव्हती, म्हणून मी झोपायचो दारातच, आडवा. बायकोनं गाठी बघितल्या. म्हणाली, "साखर संपली."

मुलीच्या परीक्षेआधीची सुट्टी लागली होती. दुपारची वेळ. टँकर आला म्हणून आम्ही दोघं हंडे घेऊन रांगेत गेलो. मुलगी आत पडून वाचत होती, दार सताड उघडं. त्या पेटीची एक खोड होती. थंडी आत ठेवायला बांधलेली ती, पण बर्फ नसला तर ऊनही तेवढ्याच इमानानं आत ठेवायची. दार उघडं असलं तर सोसायचं कसंबसं.

रांग लांब होती. पुढं कुणाचं तरी भांडण लागलं होतं आणि मी त्यात उगीच मध्यस्थी करायला गेलो, माझं कुणी ऐकलं नाही. परत निघालो तेव्हा बायको पुढं, डोक्यावर हंडा, मी मागं. लांबून गाडी दिसायला लागली. मला काही कळायच्या आत बायकोच्या डोक्यावरचा हंडा खाली आला. अख्खा हंडा. छावणीत पाणी सांडलं की सगळे त्या पाण्याकडं वळून बघतात, माणसाकडं नाही. तसे सगळे बघत राहिले आणि ती पळत सुटली.

दार लागलेलं होतं. दांडा खाली होता.

मी धावलो की नाही, आठवत नाही. आठवतो तो माझा उजवा हात. पळताना मी त्याच्याकडं बघत होतो. निघताना मी काय केलं? दार ढकललं? थापा मारल्या? हातानं परत परस्पर काम केलं असेल तर मला कसं कळणार? मागच्या वेळी तरी कुठं कळलं होतं?

दांडा बायकोनंच उचलला. दार उघडल्याबरोबर भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ आली. मुलगी कोपऱ्यात पालथी पडली होती, वही बाजूला, तोंड त्या भोकाला. बायकोनं तिला ओढून बाहेर घेतलं, सावलीला निजवलं. तोंड लालभडक, केस चिकटलेले. मामांनी आपल्या बैलांचं पाणी आणून तिच्या डोक्यावर घातलं. थोड्या वेळानं तिनं डोळे नीट उघडले आणि आईकडं बघून म्हणाली, "मला म्हाईत होतं कुठं झोपायचं."

एवढंच. तक्रारीचा सूर नाही. शाळेत उत्तर द्यावं तसं. ते ऐकून मी गायीच्या पुढ्यात खालीच बसलो.

बसलो म्हणून दिसलं. गाय रवंथ करत होती आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून सुतळीचा शेंडा लोंबत होता. गाठीसकट. कडब्याचा वास मुरलेली सुतळी, आणि समोर दुष्काळातली गाय. तिनं ती चघळून तोडली, मग मान खाजवायला दारावर घासली असणार, दार आदळलं आणि मोकळा झालेला दांडा खाली पडला. ह्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसानं गायीच्या तोंडापुढं कडब्याची सुतळी बांधली, आणि वर तीन गाठी मारल्या म्हणून निर्धास्त झाला.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी नव्हतो, गाय होती. मी तो शेंडा हातात धरून बायकोला दाखवलासुद्धा. तिनं शेंड्याकडं बघितलं, गायीकडं बघितलं, मग उठून आत गेली आणि पिशवी बाहेर आणून मुलीच्या उशाला ठेवली.

उशीसाठी ठेवली, की निघायला, ते मला कळलं नाही. उद्याची घाटनांदूरची एसटी कितीला आहे हे मला पाठ होतं, ते मात्र सारखं मनात यायला लागलं.

मामा म्हणाले, "काय बे डायवर, बसून काय ऱ्हायलास?"

मी उठलो. गाडीच्या टूलबॉक्समध्ये छन्नी आणि हातोडा होता. पेटीच्या डाव्या बाजूला, मुलगी वाचायला बसते तिथं, कोळशानं चौकोन काढला. पहिला घाव घालताना मला साहेबांचं नख दिसलं. संघाची गाडी. आमच्याच गावच्या लोकांच्या दुधावर घेतलेली, आणि मी तिला ओरबाडत होतो. ही गेली तर माळावर उघड्यावर यायचं, हेही कळत होतं. पण हात थांबेना, आणि ह्या वेळी मी त्याला थांबवलंही नाही. वरचा पत्रा कापला, फोमची पिवळी ढेकळं बाहेर पडायला लागली, गायीनं त्यांनाही तोंड लावून बघितलं. आतला पत्रा कापताना बायको आत येऊन उभी राहिली आणि तिनं पत्रा धरला. कडा हाताला कापतात म्हणून पदर गुंडाळून. संध्याकाळपर्यंत एक वेडावाकडा चौकोन झाला. पोल्ट्रीवाल्याकडून जाळीचा तुकडा आणून ठोकला. त्यातून आधी गायीचं शिंग दिसायचं आणि मग माळ.

दांडा मी काढून टाकला आणि लांब भिरकावला. मग जाऊन परत आणला, साहेबांना दाखवायला लागेल म्हणून.

साहेब त्याच आठवड्यात आले. लिलावासाठी गाड्या बघत फिरत होते. लांबूनच त्यांना चौकोन दिसला असावा, कारण ते आले ते सरळ डाव्या बाजूला. जाळीच्या आत मुलगी गणितं सोडवत बसली होती. तिनं वर बघितलं आणि उठून नमस्कार केला.

"हे काय?" साहेबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "खिडकी."

"दुधाच्या गाडीला?"

मी दांडा पुढं केला. "हा आहे जपून ठेवलेला, साहेब." त्या दांड्याचं त्यांनी काय करायचं होतं, देव जाणे. त्यांनी तो हातात घेतला, वजन बघितल्यासारखं केलं आणि परत माझ्याकडं दिला. मग दारातून वाकून आत डोकावले. टांगलेली भांडी, शिलाई मशीन, कोपऱ्यातलं भोक, भोकाभोवतीचा पिवळा गोल. बराच वेळ वाकलेले राहिले. बाहेर आले तेव्हा मानेवर घाम होता. बायकोनं तांब्यातून पाणी दिलं. ते सगळं पाणी ते प्यायले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण छावणीतलं पाणी सगळं प्यालो, कारण ते जरा ओशाळले.

म्हणाले, आता ह्यात बर्फ टिकणार नाही. दूधवाला कुणी ही घेणार नाही, गेली तर भंगारात जाईल, आणि भंगाराचा लिलाव सगळ्यांत शेवटी निघतो. कधी निघेल ते सांगता येत नाही. मला वर उत्तर द्यावं लागेल, असंही म्हणाले, ते जरा चिडूनच. जाता जाता थांबले. "तोवर आहे तशी राहू द्या. आणि आता आणखी काही करू नका."

त्यांची जीप माळावरून धूळ उडवत गेली. मी दांडा हातात धरून उभा. गाडी राहिली याचा आनंद करावा, की वर उत्तर जाणार याची भीती धरावी, हे ठरवत होतो. दोन्ही जमत होतं. आणि मागं बायको पिशवीपाशी काहीतरी करत होती, तिकडं बघायचा मला धीर होईना.

ती बाहेर आली. गाडीच्या उजव्या अंगाला गेली, कोऱ्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारून बघितल्या, मग कोळशाचा तुकडा माझ्या हातात दिला.

"ह्या बाजूनं बी कापा," ती म्हणाली. "वारं निस्तं आत येऊन काय करंल? त्याला जायला नको का?"